टकटक ऐकू येते, पण पाणी येत नाही : १९७० च्या शेवरोले सी-१० पिकअपमधील वॉशरची दुरुस्ती

आपल्या प्रश्नातील मुख्य गोष्टी आधी मांडतो, म्हणजे पुढील उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचकांनाही समजेल. ओहायोत राहणाऱ्या आपल्या कुटुंबाने १९७० सालची शेवरोले सी-१० पिकअप विकत घेतली असून आपण ती घरच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने पूर्ववत करत आहात. वायपर दोन्ही वेगांवर नीट चालतात. वॉशरचे, म्हणजे काचेवर पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे, बटण दाबले की वायपरच्या मोटारीपाशी काही वेळ टकटक असा आवाज येतो आणि मग तो आपोआप थांबतो, परंतु काचेवर पाण्याचा थेंबही पडत नाही. बाटली, झाकण, नळ्या आणि नोझल (पाणी फवारणारी बारीक तोंडे) हा सगळा संच आपण नवा बसवला, तरीही फरक पडला नाही. जुना पंप काढून बाजारात कोणत्याही गाडीसाठी म्हणून मिळणारा विजेचा पंप लावावा, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. तो मानावा का, हा आपला प्रश्न आहे. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, लवकरच रंगवायची आहे, असेही आपण लिहिले आहे.

माझे मत असे की जुना पंप काढू नये. आपल्याला ऐकू येणारी टकटक ही पंप जिवंत असल्याची खूण आहे. बटणापासून पंपापर्यंतची वीज पोहोचते आहे, पंपातील रिले (वीज मिळताच ओढणारा छोटा चुंबक) काम करते आहे, दातेरी चक्र फिरते आहे आणि आपली फेरी पूर्ण करून थांबतेही आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक यंत्रणा निर्दोष असल्याचे गाडीनेच आपल्याला सांगितले आहे. राहिला प्रश्न पाण्याचा, आणि माझा अनुभव असा आहे की अशा गाडीत पाणी न येण्याचे कारण बहुतेक वेळा हवा असते. लोक गळणारे पाणी शोधत राहतात आणि शिरणारी हवा त्यांच्या नजरेतून सुटते.

हे समजण्यासाठी या पंपाची रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. १९६७ ते १९७२ या काळातील शेवरोले आणि जीएमसी पिकअपमध्ये वायपरची मोटार फायरवॉलवर, चालकाच्या बाजूला, इंजिनच्या अंगाने बसवलेली असते आणि वॉशरचा पंप त्या मोटारीच्याच अंगावर जोडलेला असतो. या पंपाला स्वतःची मोटार नाही. वायपरची मोटार फिरते तेव्हा तिच्या आसावरील कॅम (उंचसखल कडेचे चाक) फिरतो आणि तो पंपाच्या आतील एका पट्टीला मागेपुढे हलवतो. वायपर चालू असताना ही हालचाल चालूच असते, परंतु बटण दाबलेले नसेल तर दातेरी चक्रावरचा एक उंचवटा पंपाचा दट्ट्या अडकवून ठेवतो आणि हालचाल पोकळ जाते. बटण दाबले की रिले खटका सोडते, दातेरी चक्र एकेक दाता पुढे सरकू लागते, दट्ट्या मोकळा होतो आणि पंप पाणी ओढून फेकू लागतो. चक्राची एक फेरी पूर्ण झाली की तोच उंचवटा पुन्हा दट्ट्याला अडकवतो आणि पाणी थांबते. किती वेळा फवारा मारायचा हे या चक्राच्या दात्यांनी ठरवून ठेवले आहे. चालकाला बटण धरून ठेवावे लागत नाही. बटण दाबल्याबरोबर वायपरही सुरू होतो, आणि तो मात्र नंतर हाताने बंद करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक भाग नावालाही नसलेल्या त्या काळात केवळ एका चक्राच्या आणि खटक्याच्या आधारे हा क्रम बसवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो, आणि हा पंप वाचवावा असे मी आग्रहाने म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

यातील आणखी एक बारकावा दुरुस्तीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कॅम पंपाला पाणी ओढायला लावतो, पण पाणी फेकण्याचे काम स्प्रिंग करते. कॅमने दट्ट्या मागे खेचला की स्प्रिंग दाबली जाते आणि बाटलीतून पाणी आत येते. कॅमचा उंच भाग पुढे सरकला की स्प्रिंग मोकळी होऊन दट्ट्याला परत लोटते आणि पाणी नोझलकडे जाते. म्हणून वायपर जलद चालवल्याने फवाऱ्याचा जोर वाढत नाही, आणि फवारा मंद असेल तर मोटारीला दोष देण्यात अर्थ नसतो. काही पंपांत दट्ट्याच्या जागी लोहाराच्या भात्यासारखा, पण अंगठ्याएवढा रबरी भाता असतो. तत्त्व दोन्हीकडे तेच आहे.

आता पाण्याचा मार्ग पाहू. बाटली इंजिनाच्या खणात खाली, पंप फायरवॉलवर वर. नळी झाकणातून बाटलीच्या तळापर्यंत जाते आणि तिच्या टोकाला बारीक जाळी असते. म्हणजे पंपाला प्रत्येक थेंब खालून वर ओढून घ्यावा लागतो. ज्यांनी गावाकडे विहिरीवरचा पंप चालवला आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. सक्शन पाइपाच्या सांध्याला केसाएवढी फट असली तरी पंप हवा धरतो, मोटार जोरात फिरते आणि पाटात पाणी येत नाही. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, नीट बसत नसेल तर वर चढलेले पाणी परत विहिरीत उतरते आणि दरवेळी वरून पाणी ओतून पंप भरावा लागतो. आपल्या पिकअपच्या वॉशरमध्ये तीच विहीर आणि तोच पंप बोटभर आकारात आहे. दाबाच्या बाजूला गळती असेल तर पाणी ठिबकते आणि आपल्याला दिसते. ओढण्याच्या बाजूला गळती असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, कारण तेथे बाहेरची हवा आत जात असते. आपण सर्व सुटे भाग नवे बसवले आणि तरीही फरक पडला नाही, याचा अर्थ मला यातच दिसतो.

म्हणून पहिली चाचणी अशी करावी. पंपावर तीन तोंडे असतात : एक पाणी आत घेणारे आणि दोन बाहेर सोडणारी, प्रत्येक नोझलसाठी एक. तिन्हीवरील नळ्या काढाव्यात. आत घेणाऱ्या तोंडाला साधारण हातभर लांबीची पारदर्शक नवी नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात बुडवावे. ग्लास बाटलीच्या पातळीवर धरावा आणि कोणालातरी बटण दाबायला सांगावे. अशा रीतीने बाटली, झाकण, जाळी आणि जुनी मांडणी चाचणीतून बाजूला निघते, आणि पंप एकटा उरतो. चाचणीत वायपर फिरणार असल्याने काच आधी ओली करून घ्यावी आणि हात, बाही व दिव्याची वायर मोटारीच्या दांड्यांपासून दूर ठेवावी.

नळी पारदर्शक का हवी, तर तिच्यातील पाण्याची हालचाल डोळ्यांनी वाचता येते. पाणी प्रत्येक ठोक्याला थोडे वर चढून तेथेच थांबत असेल आणि काही ठोक्यांत पंपातून बाहेर पडत असेल, तर पंप उत्तम आहे आणि दोष बाटलीच्या बाजूला आहे. पाणी प्रत्येक ठोक्याला वर जाऊन तितकेच खाली येत असेल, तर आत घेण्याची झडप बंद होत नाही; ओढलेले पाणी पंप आल्या वाटेने परत लोटतो आहे. पाणी जागचे हलतच नसेल, तर दोन शक्यता उरतात : भाता किंवा दट्ट्याचे रबर फाटले आहे, अथवा बाहेर सोडणाऱ्या झडपा उघड्या राहत असल्याने पंप पाण्याऐवजी तिकडची हवा ओढतो आहे. या दोहोंत निवड करण्यासाठी बाहेरच्या दोन्ही तोंडांवर बोटे घट्ट ठेवून पुन्हा बटण दाबावे. आता नळीतील पाणी थोडे जरी वर सरकले, तर दोष बाहेरच्या झडपांत आहे. सरकले नाही तर रबर पाहावे लागेल. वर चढलेले पाणी ठोके थांबल्यावर हळूहळू खाली उतरत असेल, तर झडपेवर मळ आहे किंवा तोंडाशी बारीक तडा आहे. या एका चाचणीला दहा मिनिटे लागतात आणि तिने अनेकांचे नवे पंप विकत घेण्याचे पैसे वाचले आहेत.

चाचणीपूर्वी एक काळजी घ्यावी. अनेक वर्षे कोरडा राहिलेला पंप सुरुवातीला हवाच ओढू शकत नाही, कारण सुकलेल्या रबरी झडपा जागेवर घट्ट बसत नाहीत. एका लहान इंजेक्शनच्या पिचकारीने आत घेणाऱ्या तोंडातून कोमट पाणी सोडून पंप ओला करावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, आणि मगच निष्कर्ष काढावा. काही गाड्यांत एवढ्यानेच फवारा परत आलेला मी पाहिला आहे.

पंप निर्दोष ठरला तर शोध बाटलीकडे वळतो, आणि येथे नव्या भागांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पहिली गोष्ट म्हणजे नळीचे माप. अमेरिकेत वॉशरची नळी प्रामुख्याने ५/३२ इंच आणि ७/३२ इंच अशा आतील व्यासांत सहज मिळते. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ४ आणि साडेपाच. तयार संचांत कधी एकच नळी सगळीकडे वापरायला दिलेली असते. मोठी नळी लहान तोंडावर हाताला घट्ट वाटली तरी हवेला ती सैलच असते. कॅलिपरने तोंडाचे माप घ्यावे आणि नळी त्याहून किंचित अरुंद घ्यावी. ती बसत नाही म्हणून तोंडाला तेल लावू नये. नळीचे टोक मिनिटभर गरम पाण्यात धरले की ते मऊ होते आणि सहज चढते. उलट, जुनी नळी काढताना ओढू नये. तिच्यावर धारदार पात्याने उभी चीर द्यावी आणि ती सोलून काढावी, पण पाते प्लॅस्टिकच्या तोंडापर्यंत पोहोचू देऊ नये. पन्नास वर्षांचे प्लॅस्टिक ओढाताण सहन करत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका जुन्या गाडीवर मी अशीच नळी हिसडून काढली, तोंडाला डोळ्यांना न दिसणारा तडा गेला, आणि त्या तड्यातून जाणारी हवा शोधण्यात माझे दोन दिवस गेले. त्या गाडीच्या मालकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण तेव्हापासून मी नळीला चीर दिल्याशिवाय हात लावत नाही.

दुसरी गोष्ट झाकणाची. बाटलीतून पाणी बाहेर गेले की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते, म्हणून झाकणाला एक बारीक छिद्र असते. नव्या झाकणात साच्यातील प्लॅस्टिकचा पापुद्रा या छिद्रावर राहून गेलेला असू शकतो, किंवा झाकण चांगले बसावे म्हणून कोणीतरी त्याखाली जाड रबर घातलेले असते. अशा वेळी पहिले दोन-तीन फवारे येतात, मग जोर कमी होतो आणि शेवटी बाटलीचे पोट आत ओढलेले दिसते. झाकण सैल करून फवारा आला, तर कारण सापडले. तिसरी गोष्ट नळीच्या टोकाची : ती तळाला टेकली असेल तर जाळी चिकटून बसते, आणि आखूड असेल तर बाटली अर्धी असतानाच पंप हवा ओढू लागतो. तळापासून सुमारे अर्धा इंच वर राहील अशी ती कापावी. शेवटी, ओढणारी नळी एक्झॉस्टजवळून नेली असेल तर उष्णतेने ती मऊ होऊन आतल्या ओढीने चपटी होते. थंड इंजिनावर वॉशर चालतो आणि तासाभराच्या प्रवासानंतर चालत नाही, ही तक्रार बहुधा अशाच नळीची असते.

आता पंप उघडण्याविषयी. चाचणीने झडपांकडे बोट दाखवले असेल तर हे काम करावेच लागेल, आणि ते अवघड नाही. त्याला फक्त शांतपणा हवा. बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. वायपर आपल्या विश्रांतीच्या जागी थांबलेले असताना काम सुरू करावे. जोडण्यांची आणि पंपाच्या स्थितीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पंप मोटारीवरून उतरवल्यावर पांढऱ्या कापडावर ठेवून उघडावा, कारण आतील स्प्रिंग उडाली की गॅरेजच्या फरशीवर ती सापडणे कठीण असते. झडपांचा भाग पंपाच्या तोंडाकडे स्क्रूंनी बसवलेला असतो आणि त्यामागे रबरी गास्केट असते.

तेथे बहुधा निळसर-पांढरी कोरडी पूड, हिरवट शेवाळ किंवा चुन्याचे खडे आढळतील. वॉशरचा रंगीत द्रव वाळला की रंगाचा थर मागे राहतो, आणि कोणी नळाचे जड पाणी भरत असेल तर क्षार साचतात. कोमट पाणी, भांडी घासण्याचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने सुरुवात करावी. क्षार निघत नसतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून पुन्हा धुवावे. पेट्रोल, रॉकेल, कार्ब्युरेटर धुण्याचा फवारा आणि ब्रेक धुण्याचा फवारा यांपैकी काहीही येथे वापरू नये. रबर फुगते, प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि चांगला असलेला पंप आपल्याच हाताने मरतो. हे मी जोर देऊन लिहितो आहे, कारण धातूचे भाग धुण्याची सवय झालेले कुशल कारागीरच ही चूक करतात.

स्वच्छ झाल्यावर झडपा पिचकारीने तपासाव्यात. आत घेणाऱ्या तोंडातून हवा आत लोटली तर ती सहज जाऊन बाहेरच्या तोंडांतून निघाली पाहिजे, आणि त्याच तोंडातून मागे ओढली तर अडली पाहिजे. बाहेर सोडणाऱ्या तोंडांवर याच्या अगदी उलट. ही तपासणी तोंडाने फुंकून करणारे लोक आहेत, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात मीही सुरुवातीला तशीच शिकलो. पण वॉशरच्या द्रवात मेथॅनॉल असते आणि ते विषारी आहे, म्हणून पिचकारीच वापरावी. भाता असेल तर तो पाण्यात बुडवून त्यात हळूच हवा सोडावी. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर जसे दिसते तसेच बुडबुडे दिसतात. घड्यांच्या तळाशी रबर सर्वांत आधी चिरते, म्हणून भाता ताणून तेथे पाहावे.

झडपांची रबरे कडक झाली असतील तर ती बदलावीत. या पंपांचे दुरुस्तीसंच आणि संपूर्ण नवे पंप जुन्या शेवरोले पिकअपचे भाग विकणाऱ्यांकडे मिळतात. नवा पंप घेतलात तरी गाडीवर चढवण्यापूर्वी त्याची पिचकारीची चाचणी करावी, आणि जुना पंप फेकू नये. ट्यूबचे रबर कापून झडप बनवण्याचा मोह होतो. ते जाड असल्याने लहान ओढीला उघडत नाही, आणि उघडले तरी नीट मिटत नाही.

दातेरी चक्र बोटाने पूर्ण एक फेरी फिरवावे आणि प्रत्येक दाता पाहावा. एखादा झिजलेला असेल तर चक्र त्याच जागी अडकते आणि टकटक चालू असूनही फेरी संपत नाही. आपल्या गाडीत फेरी संपते, त्यामुळे ही भीती कमी आहे. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते लाकडी काडीने काढून प्लॅस्टिकला चालणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. खटक्याच्या टोकाला आणि रिलेच्या हलत्या पट्टीला ग्रीस लावू नये, कारण थंडीत ते चिकटते. जोडताना प्लॅस्टिकमध्ये जाणारा प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो हलकेच खाली बसल्याचे हाताला जाणवते, आणि मगच सुलटा आवळावा. असे केल्याने नवे आटे पडत नाहीत. पंप मोटारीवर ठेवताना तो हाताने पूर्ण बसला पाहिजे. बसत नसेल तर कॅम जुळलेला नाही. स्क्रू आवळून त्याला खेचत बसवल्यास कॅम फुटतो.

आपल्या गाडीत विजेचा दोष नाही असे मी वर म्हटले, तरी फायरवॉल रंगवण्याच्या आपल्या बेतामुळे एक गोष्ट सांगणे भाग आहे. वायपरची मोटार कंप पोहोचू नये म्हणून रबरी बुशांवर बसवलेली असते, त्यामुळे तिला गाडीच्या सांगाड्याची अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट) आपोआप मिळत नाही. ती मिळावी म्हणून मोटारीपासून फायरवॉलपर्यंत एक छोटी धातूची पट्टी असते. रंगकामानंतर ही पट्टी हरवते, किंवा ताज्या रंगावर बसवली जाते आणि रंग विजेला अडवतो. मग कालपर्यंत चालणारे वायपर आज मंद होतात किंवा बंद करूनही थांबत नाहीत, आणि दोष मोटारीवर येतो. पट्टी बसते त्या जागेचा रंग नाण्याएवढ्या वर्तुळात काढून धातू उघडा करावा, पट्टी बसवावी, आणि वरून थोडे डायइलेक्ट्रिक (ओल अडवणारे, वीज न वाहणारे) ग्रीस लावावे.

त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की या गाड्यांत वायपर-वॉशरचे स्विच मोटारीला धन वीज पुरवत नाही. धन वीज किल्ली चालू होताच मोटारीपाशी आणि पंपाच्या एका टोकापाशी येऊन थांबलेली असते. स्विच दुसऱ्या टोकाला अर्थ देते आणि परिपथ पूर्ण होतो. म्हणून टेस्ट लॅम्पचा चिमटा नेहमीप्रमाणे सांगाड्याला लावून स्विचच्या वायरीत वीज शोधणारा माणूस हमखास चुकीच्या निष्कर्षाला येतो. चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा, लॅम्पचे टोक वॉशरच्या स्विचकडून येणाऱ्या वायरीला लावावे, आणि बटण दाबल्यावर लॅम्प पेटतो का ते पाहावे. वायरींच्या रंगांबाबत मात्र आपल्या वर्षाचा कंपनीचा वायरिंग नकाशाच प्रमाण मानावा, कारण मधल्या मालकांनी कोणती वायर कोठे जोडली असेल हे सांगता येत नाही.

आता विजेच्या पंपाच्या सल्ल्याकडे येतो. तो वाईट हेतूने दिलेला नाही, परंतु त्याने आपला प्रश्न सुटेलच असे नाही. बाजारातील बहुतेक छोटे विजेचे पंप पाणी चांगले ढकलतात, पण कोरडे असताना खालून ओढत नाहीत. असा पंप जुन्या पंपाच्या उंचीवर बसवला तर पाणी येणार नाही. तो बाटलीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली बसवावा लागतो. झाकणापाशी ओढणाऱ्या नळीच्या सांध्यातच फट असेल तर त्या फटीतून आता हवाही ओढली जाते. शिवाय जुने बटण रिलेच्या लहान कॉइलचा अल्प प्रवाह पेलण्यासाठी बनवलेले आहे. पंपाच्या मोटारीचा प्रवाह त्यातून थेट नेला तर संपर्क जळतात, म्हणून मध्ये वेगळी रिले आणि फ्यूज लागतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे हे बटण अर्थ देते, त्यामुळे आधुनिक गाड्यांच्या पद्धतीने जोडलेला पंप चालतच नाही किंवा किल्ली फिरवताच चालू राहतो. एवढे सगळे करून हाती जे येते त्यात बटण दाबून ठेवावे लागते आणि मूळ यंत्रणेतील मोजून फवारे देण्याची सोय जाते. रोज कामावर नेण्याची गाडी असेल, हिवाळ्यात (बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा) मिठाळ चिखल काचेवर उडत असेल आणि मूळ पंप खरोखर दुरुस्तीपलीकडे गेला असेल, तर मी स्वतः विजेचा पंप बसवून देतो. आपल्या गाडीची स्थिती तशी नाही.

वॉशर चालता असणे ही केवळ हौसेची बाब नाही, हेही नमूद करतो. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस आलेले संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०४ वायपर आणि वॉशर यांच्याविषयीच आहे. ओहायोच्या रस्त्यावर हिवाळ्यात समोरच्या ट्रकमागे जाताना काचेवर मिठाचा पडदा चढतो, आणि कोरडा वायपर तो पुसण्याऐवजी पसरवतो.

नोझलबाबत थोडक्यात. ती नवी असल्याने साफसफाईची गरज पडू नये, परंतु नव्या नळ्या कापताना पडलेले रबराचे कण त्यांत अडकतात, म्हणून नळी जोडण्यापूर्वी पंप दोन-तीन फेऱ्या मोकळ्या पात्रात चालवून नळ्या धुवून घ्याव्यात. कण अडकलाच तर सतारीची किंवा गिटारची बारीक तार बाहेरच्या बाजूने घालून नळीच्या दिशेने पाणी उलटे सोडावे. कण आत ढकलून वर पंप चालवल्यास तो पुन्हा तेथेच येतो. फवाऱ्याचा नेम गाडी उभी असताना काचेच्या पुसल्या जाणाऱ्या भागाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा. महामार्गाच्या वेगाला वारा तो खाली आणतो आणि मध्यावर पाडतो.

द्रवाच्या निवडीत ओहायोची थंडी विचारात घ्यावी. साधे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि पंपाच्या झडपांत राहिलेला चमचाभर बर्फही प्लॅस्टिक तडकवण्यास पुरेसा असतो. उणे २० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे २९ सेल्सिअसपर्यंत न गोठणारा द्रव तेथे सर्वत्र मिळतो. ऑक्टोबर संपण्यापूर्वी तो भरावा. नुसता बाटलीत ओतून थांबू नये. बटण पुरेशा वेळा दाबून नळ्यांतील आणि पंपातील जुने पाणी बाहेर काढावे, नोझलमधून द्रवाचा रंग दिसेपर्यंत. इंजिनाचे कूलंट या बाटलीत कधीही घालू नये. ते काचेवर तेलकट पडदा धरते, रंगाला अपाय करते आणि विषारी आहे. द्रवाचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही आणि हीटर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ राहणार नाही असा ठेवावा, कारण मेथॅनॉल पेट घेते. उन्हाळ्यात केवळ पाणी वापरायचे असेल तर डिस्टिल्ड पाणी घ्यावे.

आपण आता आधी ग्लासाची चाचणी करावी आणि पारदर्शक नळीतील पाणी कसे हलते ते मला कळवावे : चढून थांबते, चढून परत येते, की जागचे हलत नाही. त्याबरोबर पंपाच्या तिन्ही तोंडांचे बाहेरील व्यास आणि संचातील नळीचा आतील व्यासही कळवावा. फायरवॉलचे रंगकाम त्यानंतर हाती घ्यावे, कारण रंग ताजा असताना पंप पुन्हा काढावा लागला तर बोल्टच्या कडांवरचा रंग निघतो.